ज्याला भिंत लागते

चार्जरच एवढा जड — तळहातावर घेतल्याबरोबर मनगट खाली झुकलं... काळा, चौकोनी, एका कडेला किंचित गोलावलेला, आणि त्या गोलाव्यात अंगठा इतका नेमका बसत होता की स्नेहा तो उगीचच चाचपत राहिली. जोवर चार्जर हातात होता तोवर लॅपटॉपकडे बघायची गरज नव्हती, आणि लॅपटॉपकडे बघितलं की ठरवावं लागणार होतं.

“खाली ठेवा ना ताई, हात दुखते,” हरीओम म्हणाला.

हरीओमचं दुकान वाशिमच्या बसस्टँडमागे. एरवी तिथं मोबाइलच्या काचा बदलून मिळतात, प्रिंटरची शाई भरून मिळते. असले महागामोलाचे लॅपटॉप तो दुकानात ठेवत नाही, इथं घेणार कोण? पण स्नेहाच्या सांगण्यावरून त्यानं नागपूरहून दोन मागवून घेतले होते — दिवसभर चालवून पाहा, एक ठेवा, दुसरा उद्याच्या गाडीनं परत. आता ते दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी उघडे होते, बघण्याच्या कार्यक्रमात बसवल्यासारखे. तिच्या स्वतःच्या वेळी तिला बसवलं होतं. आज निदान बघायचं काम तिच्याकडे होतं.

एक अठरा इंची. जाडजूड, मागं धुराड्यासारख्या जाळ्या. हरीओमच्या भाषेत डेस्कटॉप रिप्लेसमेंट, म्हणजे टेबलावरचा कॉम्प्युटर काढून त्याच्या जागी ठेवायचा लॅपटॉप. दुसरा सोळा इंची, सडपातळ, पिशवीत टाकला तर पिशवीला कळणार नाही असा. आणि मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर तिचे सासरे, शेषराव, पांढरा शर्ट, खिशाला पेन — निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी शाळेत निघाल्यासारखेच. शेलूबाजारहून सकाळी दोघं जीपनं आले होते. ‘तुम्ही कशाला येता उन्हाचे,’ असं ती म्हणाली होती, त्यावर ‘घरी बसून तरी काय करू,’ असं ते म्हणाले होते, आणि मग अख्ख्या रस्त्यात काही बोलले नव्हते. शेषराव गप्प बसले की काहीतरी मनात घोळवत असतात, हे तिला ठाऊक होतं. पण घोळू द्यावं. आपल्या मनात काय कमी घोळतंय!

तिनं दोन्हीकडे एकच काम लावून दिलं. मानोऱ्याच्या लालसिंगचं घर. अजून पायाही खणलेला नाही, पण तिच्या फाइलमध्ये ते उभं आहे — भिंती, खिडक्या, गच्चीची सावली, सगळं. हेच तिचं काम, नसलेल्या घराचं उन्हासकट चित्र काढून देणं. आणि त्या घराला पुढं एक ओटा आहे, घराच्या मानानं जरा अतीच मोठा. पुण्याच्या कंपनीतल्या कुणी पाहिला असता तर म्हणाला असता, जागा वाया घालवली. पण लालसिंगच्या आईनं रिकाम्या प्लॉटवर स्वतः चालून दाखवला होता तो — “येथून तेथवर. ऊसतोडीहून लोकं येतात ना मांगं, तवा सारे येथीच निजतात.” आणि ती चालत होती, मी तिच्यामागून काठीनं मातीत रेघ ओढत होते... त्या रेघेइतकं खरं काम मी पुण्यात पाच वर्षांत केलं नव्हतं. तिथं मी चाळीस-चाळीस मजल्यांचे मनोरे रंगवले, त्यांच्या बाल्कनीत गोरी गोरी माणसं चिकटवली, हातात कॉफीचे कप दिले. त्या माणसांपैकी एकाचंही नाव मला माहीत नव्हतं.

अठरा इंचीचे पंखे घुमू लागले. शेषरावांनी मान वर केली. “हा तं मळणीयंत्रावानी करून राह्यला.”

“काम करते ना काका तो,” हरीओम म्हणाला, “जो काम करते तो आवाज करते.”

“घरोघरी असंच नसते बाप्पा,” शेषराव म्हणाले, आणि हरीओम हसला.

सडपातळ लॅपटॉप मात्र शांत होता. त्याचा पडदा तर — खोटं कशाला बोला — मोठ्यापेक्षा सुंदरच होता; लालसिंगच्या भिंतीचा पिवळा त्यावर खरोखर हळदीसारखा उमटला होता. पण काम मागं पडत होतं. सुरुवातीला दोघं बरोबरीनं निघाले, मग सडपातळ तापला आणि हळूहळू रेंगाळू लागला. गंमत अशी की दोघांवरच्या लेबलवर ग्राफिक्सच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या, चिपचं नाव एकच होतं. अगदी अक्षरशः तेच नाव, तोच आकडा. दिवाळीपासून व्हिडिओ बघून बघून तिला हे पाठ झालं होतं — नाव तेच, पण पातळ अंगात तिला वीज कमी द्यावी लागते, नाहीतर अंग भाजतं. म्हणून निम्म्याच जोरावर चालते. दुकानदार हे सांगत नाहीत. लेबल खोटं नसतं, फक्त अर्धंच बोलतं.

नाव तेच... पुण्यातही ती स्नेहाच होती.

फोन थरथरला. पुण्याहून नवऱ्याचा मेसेज. अनुप. ‘हलका बघ. येताना सोबत आणता येईल.’

येताना. तिनं तो एक शब्द परत वाचला. अनुप कधी ‘ये’ म्हणत नाही. भांडत नाही, रुसत नाही, ‘किती दिवस राहणार आहेस?’ असं विचारत नाही. तो चांगला माणूस आहे, आणि चांगल्या माणसाची हीच पंचाईत, त्याच्यावर रागवायला जागाच सापडत नाही. साथीच्या काळात दोघं बॅगा घेऊन शेलूबाजारला आले, महिनाभरासाठी. मग त्याचं ऑफिस उघडलं, तो गेला. तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून ती राहिली. मग सासूबाई गेल्या, आणि बाबा एकटे कसे राहतील म्हणून ती राहिली. हे वाक्य तिनं इतक्या जणांना सांगितलं होतं — आईला, नणंद रूपाताईंना, गल्लीतल्या बायांना, विहारात भेटणाऱ्या प्रयागबाईंना — की आता ते आपोआप तोंडातून येई, आणि ऐकणारीचे डोळे लगेच मऊ होत. ‘अशी सून मिळायले नशीब लागते.’ त्या मऊ डोळ्यांपुढं ती मान खाली घाली. लोकांना वाटे, विनय.

आणि अनुप भेटत नव्हता असंही नाही. रोज संध्याकाळी भेटे — कॉम्प्युटरवरच्या ट्रकच्या खेळात. तो त्याचा ट्रक घेऊन, ती तिचा. कुठल्या तरी परदेशी, कधी न पाहिलेल्या हमरस्त्यावरून दोघं माल घेऊन निघत, तो पुढं, ती मागं, कानात एकमेकांचे आवाज. तिथं अनुप बोलायचा! लहानपणी आईच्या हातच्या भाकरीसाठी शाळेतून कसा पळून यायचा ते, साहेब कसा अडवतो ते, मरणाची भीती वाटते तेसुद्धा. समोर घाट असला की माणूस बायकोकडे न बघता किती खरं बोलू शकतो. पुण्याच्या फ्लॅटमध्ये हाच माणूस समोर बसून मुकाट जेवायचा आणि मग फोन घेऊन आडवा व्हायचा. हे आठवलं की तिला स्वतःची शरम वाटे — नवऱ्याचा ट्रक आवडतो आणि नवरा... नाही, नवराही आवडतो. पण ट्रकमधला जास्त.

मग जुन्या लॅपटॉपनं मान टाकली. तिचा ट्रक त्याच्या पडद्यावर उड्या मारत दिसू लागला, एकदा तर त्याच्या ट्रेलरमधून आरपार निघून गेला. खेळ थांबला. तेव्हापासून फक्त फोन. जेवलीस? जेवले. ऊन आहे का? आहे. बाबा? बरे आहेत. ...म्हणून तर नवा हवा होता. कामासाठी, हे सगळ्यांना सांगितलेलं. आणि त्या संध्याकाळच्या रस्त्यासाठी, हे फक्त दोघांना माहीत असलेलं.

तेवढ्यात वीज गेली.

पंखा थांबला, दिवे गेले. दुकानाच्या इन्व्हर्टरनं एक बल्ब तेवढा सांभाळला. पाहता पाहता अठरा इंचीचा आवाज खाली आला, त्याचं काम मंदावलं आणि पुढं सरकेनासं झालं. सडपातळ मात्र आपल्या रेंगाळत्या चालीनं चालतच राहिला आणि बघता बघता त्याला गाठू लागला.

“हे काय झालं?” शेषराव उठून जवळ आले.

“बॅटरीवर याचा जोर राहत नाही काका. लाइट असली तं राजा, नसली तं...” हरीओमनं हात हलवले.

“म्हंजे याले भिंत पाहिजे.”

“भिंतीतली पिन पाहिजे. मंग पाहा याचं काम.”

शेषरावांनी त्या मोठ्या पडद्याच्या कडेला बोट लावून पाहिलं. मग हरीओमला म्हणाले, “बाबू, पानी आनतं का थंडं?” आणि तो बाहेर गेल्यावर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. हे काहीतरी आहे, तिच्या लक्षात आलं. गुरुजी वर्गाला गप्प करून मग धडा काढतात.

“स्नेहा, हलका घे तू.”

ती हसली. “काहून बाबा? आन् अर्थिंग कोनासाठी केलं मंग?”

मागच्या महिन्यात त्यांनीच हौसेनं करून घेतलं होतं ते. जुन्या लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की तिला झिणझिण्या यायच्या. ते कळल्यावर त्यांनी वायरमन आणला, अंगणात खड्डा खणवला, मीठ-कोळसा घातला, तांब्याची पट्टी पुरली, आणि तेव्हापासून रोज सकाळी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचे, कारण एप्रिलच्या उन्हात माती वाळली की अर्थिंग धरत नाही. शेजारच्या रीताकाकू हसायच्या, ‘गुरुजींनी काय झाड लावलं, दिसत तं नाही!’ ती खिडकीतून पाहत असे. बाबा वाकून, धोतराचा सोगा सावरत, कोरड्या जमिनीला पाणी घालताहेत. तेव्हा तिच्या मनात येई — कुणीतरी आपल्यासाठी इतकं मुळाशी काही करतंय, आणि आपण त्याच्या नावावर...

“अर्थिंग घराले कामी येते. फुकट जात नाही ते,” शेषराव म्हणाले. “मी काय म्हनतो ते आयक. अनुपशी बोललो मी काल. म्हनलं, घेऊन जा तिले. मी पडतो रूपाकडे चार महिने, चार महिने येथीच. पोरगी कवाची बलावून राह्यली. माह्यासाठी तू काही राहू नको.”

“बाबा—”

“आयक तं. लोकं मले तोंडावर बोलत नाहीत, पन मले आयकू येते. गुरुजीनं पोराची बायको ठेवून घेतली, म्हनतात. अन् खोटं काय हाये त्यात? सकाळी चहा भेटते, घरात चालायचा आवाज येते, मले बरं वाटते. म्हनून मी बोललो नाही इतले दिवस. चुकलंच माहं.” त्यांनी खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. “आता जा तू. मोकळी हायेस.”

मोकळी. दुकानात उकडत होतं. बाहेर कुणीतरी जनरेटरची दोरी ओढत होतं, तो पुनःपुन्हा फुरफुरून बंद पडत होता... आणि स्नेहा वाट पाहत राहिली की आता वाईट वाटेल, किंवा सुटल्यासारखं वाटेल. दोन्हींपैकी काहीच झालं नाही. फक्त इतकी वर्षं ज्यावर हात टेकून उभी होते ते कुणीतरी अलगद काढून घेतलं, आणि मी पडले नाही, एवढंच कळलं. समजा, बाबा रूपाताईंकडे गेले. ठीक. घर रिकामं. ठीक. मग स्नेहा पुण्याला गेली का? नाही! ती तिथंच आहे, रिकाम्या घरात, भिंतीजवळच्या टेबलाशी, आणि उद्या तिला मानोऱ्याला जायचं आहे, परवा केनवडला कुणाच्या तरी प्लॉटवर. म्हणजे बाबा कधी कारण नव्हतेच. आजारी सासूबाईही, खरं सांगायचं तर, पहिले काही महिने सोडले तर नव्हत्या. मला इथं राहायचं होतं. मला. बस्स.

इतकं साधं वाक्य, आणि त्यात ‘कारण’ हा शब्द कुठंच बसत नव्हता.

अनुपला हे सांगायचं म्हणजे काय सांगायचं? ट्रकमधून सांगता आलं असतं कदाचित, घाट उतरताना. आणि हे समोर बसलेले — हे तर सुनेला सोडून देऊन आले आहेत, एकट्या घराची तयारी करून. यांना कसं सांगायचं की तुम्ही जे सोडलंत ते तुमच्याकडे नव्हतंच? सून आपल्यासाठी राहिली, हीच तर त्यांची श्रीमंती. ती काढून घ्यायची आणि वर म्हणायचं, मी इथंच राहते. पण गप्प बसून पुन्हा त्या मऊ डोळ्यांपुढं मान खाली घालायची, तेही आता जमणार नाही असं तिला स्पष्ट दिसलं. आश्चर्य म्हणजे, भीती वाटत नव्हती.

“बाबा,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच आला. “मी तुमच्यासाठी नोती राह्यली.”

शेषरावांना आधी ते नीट कळलं नसावं. मग कळलं, चेहऱ्यावरून काहीतरी खाली उतरलं आणि त्या जागी वर्गात अनपेक्षित उत्तर आल्यावर यायचं ते कुतूहल आलं, थोडं दुखावलेलं, पण खरं.

“मंग कोनासाठी?”

किती दिवसांनी कुणीतरी तिला खरा प्रश्न विचारला होता. उत्तर एकाच शब्दाचं होतं, ‘माह्यासाठी’, आणि तो उच्चारला की एकाच घरातली दोन माणसं दुखावणार होती. तरी तो जिभेवर आला तेव्हा तिला प्रथमच वाटलं की आपण खोटं बोलत नाही आहोत, आणि त्या वाटण्यात — तिला लाज वाटली, पण लपवावंसं वाटलं नाही — ती सुखी होती.