एक चमचा माया

तिने चमचा वाटीच्या काठावर टेकवला आणि तोंडातला घास एकविसाव्यांदा चावला. उकडून कुस्करलेल्या भोपळ्यात चावण्यासारखं काही नसतं, तरी ती चावत होती. समोर वन्सं रिकाम्या ताटाशी हात पुसून बसल्या होत्या. त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. एक वाजून पंचवीस मिनिटं.

"अजून किती राहिलंय?"

"तीनच चमचे, वन्सं."

दोघींच्या मधे बसलेला नवरा ग्लासाच्या काठावरून बोट फिरवत राहिला.

वन्सं म्हणजे त्याची थोरली बहीण. शाळेतून निवृत्त होताना मधल्या सुट्टीतला नियम त्या घरी घेऊन आल्या होत्या: शेवटचं ताट रिकामं झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही, आणि फोन आतल्या खोलीत. अठरा वर्षं ते शेवटचं ताट तिचंच असायचं. वन्सं आपलं ताट लख्ख करून तिच्या तोंडाकडे बघत बसायच्या आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "होऊ दे, होऊ दे. आमचं गोदाम भरतंय अजून." पाहुणे हसायचे. नवराही हसायचा, खाली मान घालून. मग ती मुद्दाम आणखी वाढून घ्यायची. भूक केव्हाच भागलेली असायची, पण तोंडात घास असला की निदान काही बोलावं लागत नसे.

दोन महिन्यांपूर्वी वजन उतरावं म्हणून तिचं पोट कापून लहान केलं. ती शिवणकाम करणारी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने डॉक्टरांना विचारलं होतं, "शिवणीत माया किती ठेवणार?"

डॉक्टरांना काही कळेना. मग तिनेच समजावलं, शिवण मारताना आत थोडं जास्तीचं कापड सोडतात, पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला आम्ही माया म्हणतो.

"इथे माया ठेवत नाहीत," डॉक्टर हसून म्हणाले.

आधी नुसते पाण्याचे घोट, मग गाळलेलं सूप, आणि आता वाटीतले हे आठ छोटे चमचे. आहाराचं बघणाऱ्या बाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. प्रत्येक घास वीस वेळा चावा, आणि पोट भरल्यासारखं वाटलं की तिथेच थांबा. पहिली गोष्ट तिला फारच आवडली. तिने विसाचे चाळीस केले.

वन्संचा मुलगा जहाजावर नोकरीला होता. त्याचा फोन फक्त रविवारी यायचा, दुपारी दीडला. गेल्या रविवारी तो आतल्या खोलीत वाजून वाजून थांबला. वन्संनी खुर्चीचे हात घट्ट धरले, पण उठल्या नाहीत. अठरा वर्षं सगळ्यांना ज्या नियमाने बसवून ठेवलं, तो स्वतः कसा मोडणार? ती मोजून चावत राहिली. त्या दुपारी तिला कधी नव्हे इतकी गाढ झोप लागली.

आज वन्संनी पानं अर्धा तास आधीच मांडली होती. तिनेही त्या मानाने चावणं आणखी लांबवलं.

ती शेवटच्या चमच्यापाशी आली तेव्हा आत फोन वाजला.

"फोन," नवरा म्हणाला.

"ऐकू येतोय मला," वन्सं म्हणाल्या. फोन थांबला आणि पुन्हा वाजू लागला. वन्सं पुढे झुकल्या. "उठू का गं?"

या घरात तिला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. तिने ते नीट कानात साठवून घेतलं.

"होऊ दे, वन्सं. गोदाम भरतंय अजून."

तिने शेवटचा चमचा भरला. बरगड्यांच्या खाली दाटून आलं होतं. आता एक घास जरी गेला, तरी अर्धा तास बेसिनवर वाकून काढावा लागेल, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी हात वर आला. चमच्यापलीकडे वन्संचे डोळे दिसत होते.

पोट भरलेलं, हातात घास आणि समोर वन्सं. अठरा वर्षं ती अशीच तर जेवत आली होती.

तिला संताप आला, आणि आज पहिल्यांदा स्वतःचा. तिने चमचा पुन्हा वाटीत ठेवला आणि उठून उभी राहिली.

"अगं, एक चमचा राहिलाय," नवरा गडबडून म्हणाला.

"राहू द्या. माया ठेवलीय."

वन्संनी वाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. वाटी रिकामी नव्हती. ती बेसिनकडे गेली, नळ बारीक सोडला आणि हात पुढे केले. फोन वाजतच होता. मागे खुर्चीचा आवाज झाला नाही.

मग तिच्या छोट्या चमच्याचा आवाज आला. वाटीच्या तळाला लागल्याचा. आणि पुन्हा एकदा, काठ निपटून घेतल्याचा.

खुर्ची सरकली, पावलं घाईघाईने आत गेली, आणि आतून वन्संचा आवाज आला, भरल्या तोंडाचा.

"हॅलो?"