सात दहाचा मेसेज

तिने दारावर दोनदा टकटक केली आणि आतली कडी निघेपर्यंत लॅपटॉपची बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. वडिलांनी दार उघडलं. गळ्यात टॉवेल, एका गालाला साबण.

"काय साहेब, आज इकडे कुठे? ऑफिस पेटलं की काय?"

"सहज आले, बाबा."

"सहज? सकाळी पावणेसातला?"

सहज कसलं! रात्रभराच्या प्रवासाइतक्या लांबच्या एका मोठ्या शहरातल्या कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती, आणि हो की नाही ते आज दुपारी बारापर्यंत कळवायचं होतं. आठवडाभर या एका गोष्टीने तिचं डोकं खाल्लं होतं. पगार जवळजवळ दुप्पट, पण त्या शहरातली भाडी अशी की निम्मा पगार घरमालकाच्या घशात जाणार. काम मात्र अगदी मनासारखं होतं. सॉफ्टवेअरवाली बाई ती, तिने कागदावर रेघ मारून दोन रकाने केले होते, जायचं आणि राहायचं. 'राहायचं'च्या खाली सगळ्यात आधी 'बाबा' लिहिलं होतं. मग त्यावर काट मारून पुढे लिहिलं होतं, 'सोय आहे.'

ही सोय तिच्याच हातची. आई गेल्यापासून वडील एकटे राहायचे. तिच्या खोलीपासून बसने वीस मिनिटांवर. फोनवर 'बरा आहे' याच्या पलीकडे ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. म्हणून तिने त्यांच्या विजेच्या किटलीला इंटरनेटला जोडलेला एक प्लग बसवला आणि छोटासा प्रोग्रॅम लिहिला. सकाळी किटली सुरू झाली की तिच्या फोनवर मेसेज यायचा, 'बाबांचा चहा झाला.' तो आला की तिचा जीव भांड्यात पडायचा आणि ती कामाला जुंपून घ्यायची. दोनतीन आठवड्यांनी एखाद्या संध्याकाळी तासभर येऊन जायची, तेवढं पुरे वाटायचं. सव्वा वर्षात मेसेज एक दिवस चुकला नव्हता. "सात दहा म्हणजे सात दहा," ती ऑफिसात कौतुकाने सांगायची. "घड्याळ लावून घ्या माझ्या बाबांवर."

वडील दाढी-आंघोळ उरकून आले आणि त्यांनी गॅसवर पातेलं चढवलं. दोन कप पाणी मोजून घातलं.

"बाबा, मला एक नोकरी आलीये. लांब आहे. रात्रभराचा प्रवास."

"काम चांगलं आहे?"

"खूप चांगलं आहे."

"मग विचार कसला करतेस? जा की."

ते तिच्याकडे पाठ करून बोलले. साखर अजून डब्यातच होती, तरी पातेल्यात चमचा फिरवत राहिले.

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन किणकिणला. तिने सवयीने पाहिलं. सात वाजून दहा मिनिटं. 'बाबांचा चहा झाला.'

तिने पातेल्याकडे पाहिलं. पाण्याला अजून आधणही आलं नव्हतं. मग ओट्यावर इकडून तिकडे नजर फिरवली.

"बाबा, किटली कुठेय?"

"ती होय? माळ्यावर. झाला की बराच काळ."

"आणि तो प्लग?"

वडिलांनी ड्रॉवर उघडला. प्लग कागदात नीट गुंडाळलेला होता आणि त्यावर नोकरीतल्या जुन्या सवयीने चिठ्ठी डकवलेली होती, काढल्याच्या तारखेची. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती.

ती खुर्चीवर बसली. काय झालं असेल ते तिच्या लगेच लक्षात आलं, तिच्या धंद्यातल्या कुणाच्याही आलं असतं. प्रोग्रॅम लिहिला तेव्हा प्लग दुकानातून यायचा होता. तोवर मेसेज पोचतो का ते बघायला तिने एक ओळ तात्पुरती घातली होती. रोज सकाळी सात दहाला आपोआप मेसेज पाठव. ती ओळ काढायची राहून गेली. दिवसातून एकदाच मेसेज जावा, असंही तिनेच लिहून ठेवलेलं आणि बाबांची किटली सात दहानंतरच लागत असणार, त्यामुळे किटलीचा खरा मेसेज कधी आलाच नाही आणि चूक झाकलेली राहिली.

"का काढलात?"

वडील जरा ओशाळले.

"मुद्दामच काढला. म्हटलं, मेसेज गेला नाही की पळत येशील. दोघांचा नाश्ताही करून ठेवला होता." ते हसले. "दुसऱ्या दिवशी पण वाट पाहिली. मग म्हटलं, कामात असेल पोर."

"मेसेज येत होता, बाबा. रोज. माझ्याच चुकीने. तुम्हाला काही झालं असतं तरी येत राहिला असता."

वडिलांची उभी हयात टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून गेली होती. चहा गाळता गाळता त्यांनी हे सगळं नीट समजून घेतलं.

"तुमच्यात बोलून बघत नाहीत वाटतं," ते म्हणाले. "आम्ही खांबावरून रिंग दिली की समोरच्याला म्हणायचो, काहीतरी बोला. नुसती रिंग वाजली म्हणजे लाइन चांगली, असं नसतं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. तिने टेबलावर लॅपटॉप उघडला, ती ओळ शोधली आणि पुसून टाकली.

"झालं?"

"झालं."

"एवढंसंच होतं?"

"एवढंसंच."

बारा वाजता तिने कंपनीला कळवलं की सोमवारपर्यंत वेळ हवा. त्यांनी दिला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सात दहा झाले, फोन गप्प. ती आपल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून त्याच्याकडे बघत राहिली. सिंकपाशी एकच कप पालथा होता, खुंटीवर एकच टॉवेल. आज आपण उठलो की नाही, याचा मेसेज जगात कुणालाच जात नाही, हे तिला पहिल्यांदाच जाणवलं आणि फार एकटं वाटलं. त्या मोठ्या शहरात महागडी खोली घेतली तरी कप एकच असणार होता. दोन रकान्यांचा कागद टेबलावर तसाच पडला होता. 'सोय आहे' वर तिने काट मारली, पण पुढे काय लिहावं ते सुचेना.

सात चौदाला फोन वाजला. वडील होते.

"हं, बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. लाइन तपासतोय."

सांगायला सव्वा वर्षाचं साठलं होतं. तिने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. पलीकडे वडील थांबले.

"ऐकू येत नाहीये," ते म्हणाले. मागे किल्ल्या वाजल्या. "लाइन खराब दिसतेय. घरीच थांब, मी येतो."