मडक्यांच्या छतावरची हळद

माझी बहीण नेत्रा आर्किटेक्ट झाली आणि तिनं पहिलं घर बांधलं ते आमचंच, बेलवलीला. घरच्यांचं घर बांधण्यासारखा दुसरा वैताग नाही. विटा न भाजलेल्या मातीच्या, अंगणातला आंबा तोडायचा नाही, आणि स्लॅबमध्ये उपडी मडकी. स्लॅबच्या खालच्या थरातल्या काँक्रीटला फारसं काम नसतं, तिथं मडकी बसवली की सिमेंट वाचतं आणि घर थंड राहतं, हे सांगून सांगून ती दमली. आईला काही पटलं नाही. मडकं माणूस गेल्यावर धरतात, ते रोज डोक्यावर कशाला, एवढंच ती म्हणत राहिली. गावानं तर नावच ठेवलं, मडक्यांचं घर.

पण घर झालं देखणं. खालून पाहिलं की मडक्यांची तांबडी गोल तोंडं छतात ओळीनं दिसतात. मे महिन्यातल्या दुपारीही आत बरं वाटतं. शेजारचे धर्मराजकाका काही ना काही निमित्त काढून येऊन बसायचे आणि शेवटी म्हणाले, माझ्या मुलाचं घर असंच कर. काकांनी केलं की कुळगावपर्यंत लोक करतील, हे आम्हाला माहीत होतं. नेत्राची तर झोप उडाली होती आनंदानं.

मग धाकट्या बहिणीचं, तेजस्वीचं लग्न ठरलं. आमच्या आगऱ्यांत हळद लग्नाहून मोठी. सगळं गाव जेवतं आणि सगळं गाव नाचतं. अंगणात आंबा, म्हणून मांडव लहान पडला. त्यात लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण आणि बायका बसल्या, संपली जागा. तेव्हा बाबांनी कुणाला न विचारता डीजे गच्चीवर चढवला. नेत्रा सामान आणायला अंबरनाथला गेली होती. परतली तोवर माणसाएवढे स्पीकर वर लागले होते आणि निम्मं गाव जिना चढत होतं.

तिनं मला हॉलमध्ये ओढलं. स्लॅब मजबूत आहे, म्हणाली, पण गर्दीनं एका तालावर उड्या मारायला कुठल्याच घराची गच्ची बांधलेली नसते, मडकी असोत नाहीतर नसोत. मी म्हटलं, मग सांग जाऊन. तिनं जिन्याकडे पाहिलं. वर धर्मराजकाका होते. तिच्या तोंडून हे निघालं की गाव एकच अर्थ लावणार होतं, मडक्यांचं घर कच्चं आहे, बांधणारीच बोलली.

वर गाणं बदललं आणि ठेका वाढला. छताला टांगलेला दिवा हलायला लागला. नेत्रानं भिंतीला हात लावला आणि तसाच ठेवला. मीही लावला, भिंत ठेक्याबरोबर थरथरत होती. तेवढ्यात आई पाणी न्यायला आत आली. आम्हा दोघांना असं उभं बघून तिनं एकदा वर पाहिलं. आतल्या खोलीत गेली, हळद लागलेल्या तेजस्वीला दंडाला धरून छताखालून बाहेर आणलं आणि मांडवात नेऊन बसवलं.

नेत्रानं ते पाहिलं. मग ती जिन्याकडे धावली.

वर तिनं डीजेवाल्याच्या हातातून माईक घेतला. "सगळ्यांनी खाली या. रस्त्यावर नाचा, पण इथं नको. ही गच्ची एवढ्या उड्यांसाठी नाही." कुणाचीच नसते, हेही ती बोलली, पण ते शिट्ट्यांमध्ये कुणाला ऐकू गेलं नाही.

बाबांचा चेहरा पडला. पावण्यांना खाली उतरवतेस, माझी काय इज्जत राहिली, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले.

"बाबा, आधी त्यांना उतरवा. मग मला काय ते बोला."

माणसं हसत, रेंगाळत उतरली. सांभाळून रे, मडकी फुटतील, असं एकजण म्हणाला. पाहुणा होता म्हणून वाचला. धर्मराजकाका न जेवताच गेले.

सकाळी नेत्रानं टॉर्च घेऊन सगळं छत तपासलं. एक चीरही नव्हती, आणि तेच तिच्या अंगावर आलं. गच्ची शाबूत राहिली, म्हणजे तिनं उगाच तमाशा केला, असंच आता सगळे म्हणणार होते. "दादा, मला खरंच कळलं होतं, की मी नुसती घाबरले होते?" तिनं विचारलं.

दुपारी धर्मराजकाकांचा पुतण्या भगवान त्यांचा निरोप घेऊन आला. काकांनी दुसरा कॉन्ट्रॅक्टर ठरवला होता. निरोप सांगून झाल्यावर भगवाननं बाबांना हसत विचारलं, पोरीनं भर हळदीत नाक कापलं ना तुमचं? नेत्रा तिथंच उभी होती. बाबा रात्रीपासून तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"काल आख्खा गाव माझे गच्चीवर होता," बाबा म्हणाले. "सगली माणसा आपले पायानी घरा गेली. मना तेवरा बास हाय."