कडंकडंनं

बद्रीनाथला रडू येत नव्हतं. हर्सूलच्या घरी आई गेली, त्यानं चितेला अग्नी दिला, आंघोळ केली, नि कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसला. आता लोकांनी तोंडात बोटं घालायची नाहीत तर काय करायचं!

त्याचं काम असं, की विद्यापीठात तो सिलिकॉनच्या स्फटिकाचा हिशेब मांडायचा. भट्टीत सिलिकॉन वितळवतात, त्याला वरून बारीकसा स्फटिक टेकवतात नि फिरवत फिरवत हळूहळू वर ओढतात. त्याला चिकटलेलं गोठत जातं, जाडजूड कांडी तयार होते. त्या धगीत हात घालून कोण बघणार? म्हणून उष्णता कुठून कुठं जाते, हे संगणकावर समीकरणं मांडून काढायचं. कांडी बाहेरून निवते, गाभा तापलेलाच राहतो. दोन्हींतला फरक फार वाढला, की ताण येऊन तडकते. ती कशी तडकते हे बद्रीनाथ दिवसभर बघत बसला. मनात बाकी काहीच उमटत नव्हतं. आपल्या आतलं सगळं आईबरोबरच संपलं की काय, याची त्याला भीती वाटायला लागली होती.

शेजारच्या आशाबाईंनी सुतकाच्या घरचा कडू घास म्हणून वाफाळतं पिठलं आणलं. बद्रीनाथनं घास थेट मधूनच उचलला नि गिळला. थोरली बहीण द्वारका बघतच राहिली. लहानपणीही हा असाच ताटलीच्या मधी बोटं घालायचा, पोळलं की भोकाड पसरायचा. आई चुलीपासून ओरडायची, "कडंकडंनं खा रं, मधी पोळतंय!" आज त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"बद्री, तुला आईचं काहीच वाटत नाय का रं?"

"वाटायला पाहिजे, अक्का. पण नाय वाटत."

द्वारका पदर तोंडाला लावून उठून गेली. खोटं तरी बोलायचं की, लेका! पण तेवढंसुद्धा सुचू नये या शहाण्याला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं भावकीबरोबर राख सावडायला गेली. दुधाचा तांब्या कारभारीमामांकडं, नि मामांची कन्नडहून येणारी एसटी अजून आली नव्हती. राख पांढरीफट होती, वरून गार लागत होती. बद्रीनाथच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. एवढा ढीग, एवढा वारा.

"निवली असणार," तो म्हणाला.

"मामांना येऊ दे. आधी दूध-पाणी शिंपडू," द्वारका म्हणाली.

पण ऐकतोय कोण! राख आतली धग धरून ठेवते, हे त्याला एरवी झोपेतही सांगता आलं असतं. त्या दिवशी त्याचं डोकं ठिकाणावर होतं कुठं? त्यानं ढिगाच्या मधोमध मनगटापर्यंत हात घातला. पोळतंय हे त्याला कळलं, पण दुसऱ्या कुणाचा हात पोळावा तसं. त्यानं हात तिथंच ठेवला.

द्वारकानं झडप घालून त्याचं मनगट ओढलं.

"आरं येड्या, कडंकडंनं घे! मधी पोळतंय!"

बोलली नि तीच दचकली. बद्रीनाथ आपल्या लाल झालेल्या बोटांकडं बघत होता.

"अक्का," तो म्हणाला, "लई पोळतंय गं." आणि त्या राखेपुढं बसून त्यानं भोकाड पसरलं.