मोठी वजावट

फर्निचरच्या कारखान्यातल्या मुकादमाला सगळे ‘वकील’ म्हणत. कोर्टाची पायरी तो कधी चढला नव्हता, पण कुठल्याही गोष्टीवर त्याचं मत तयार असे. सरकारने आरोग्य विम्याचे नियम बदलले, प्रत्येकाने आपली योजना नव्याने निवडायची असं ठरलं. कचेरीतल्या साहेबांनी सगळं भराभर वाचून दाखवलं आणि विचारलं, “कळलं ना?” सगळ्यांनी माना डोलावल्या. मग बाहेर येऊन वकिलाला गाठलं.

“हप्ता कमी, वजावट मोठी. अजून काय पाहिजे?” वकील म्हणाला. करात वजावट मिळते तशी ती बिलातही मिळणार, असं त्याने धरून चाललं होतं. सगळ्यांनी डोळे झाकून तीच योजना घेतली.

आज तो आईला पोटाच्या तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन आला होता. खिडकीवरच्या बाईंनी कार्ड पाहिलं.

“पैसे तुम्हालाच भरावे लागतील.”

“अहो, पण आमची वजावट मोठी आहे.”

“म्हणूनच तर! वजावट म्हणजे तुमचा वाटा, दादा. वर्षात तेवढा खर्च तुमच्या खिशातून झाला, की मग कंपनी भरायला लागते. सरकारने योजना बदलायची मुभा दिली आहे, पण आज शेवटचा दिवस, तुमच्या कारखान्याची कचेरी बंद होईपर्यंतच.”

वकिलाने कार्ड परत घेतलं. आईचं कसंही निभावता आलं असतं. पण कारखान्यातल्या पॉलिशवाल्या ताईचं काय? तिचं बाळंतपण तोंडावर आलेलं, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितलेली. ती तर त्याच्या भरवशावर निर्धास्त होती.

“आता सांगितलं तर कोण विचारील मला?” तो आईशेजारी बसत पुटपुटला.

“आधी चुकलास ते न कळून,” आई म्हणाली. “आता गप्प बसलास तर ते कळून होईल. सूनबाई येतेच आहे. तू ऊठ.”

कारखान्यात शिरताच त्याने रंधा मारायचं यंत्र बंद केलं. सगळे बघायला लागले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

“मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. वजावट म्हणजे काय, तेच मला माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटली.”

ताईने पॉलिशचा बोळा खाली ठेवला. “मग आता, दादा?”

“आधी कचेरी. शिव्या नंतर द्या.”

साहेब कपाटाला कुलूप लावत होते. नाराजीनेच त्यांनी कागद काढले, पुन्हा भराभर वाचले. “कळलं ना?”

“नाही कळलं, साहेब. सावकाश सांगा,” वकील म्हणाला.

साहेब खुर्ची ओढून बसले आणि एकेक शब्द फोडून सांगू लागले. ताईने योजना बदलून हप्ता जास्त पण वजावट कमी अशी घेतली. बहुतेकांनी बदलली. ड्रायव्हर मात्र म्हणाला, “माझ्याकडे थोडी शिल्लक आहे, हप्ता कमी म्हणून मी हीच ठेवतो. पण आता कळून ठेवतो.”

जिना उतरताना ताई हसली. “पुढच्या वेळीही तुम्हालाच विचारणार, दादा. फक्त आधी विचारीन, तुम्हाला कळलंय का?”

मंडळी, योजना कोणती घ्यायची ते ज्याचं त्याने ठरवावं. पण कळलं नसेल, तर मान डोलावू नका. त्या डोलावलेल्या मानेची किंमत कधी कधी दुसऱ्यालाच मोजावी लागते.