ज्या कोपऱ्यात काहीच घडत नाही

"फ्री एजंट येणार आहे," असं मी सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, आपल्या पॉलिसी काढून झाल्यात ना सगळ्या? आणि फुकटात काम करणाऱ्या एजंटवर विश्वास ठेवू नये."

"अहो आई, ज्याला सध्या कुठलाच क्लब नाही, अशा खेळाडूला म्हणतात तसं."

दिवसभर मी स्टुटगार्टच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते आणि सुट्टीच्या दिवशी अमेरिकन फुटबॉलच्या एका हौशी क्लबसाठी सामन्यांचं चित्रण करते. मग ते पुन्हा पुन्हा लावून कोण कसं खेळलं ते बारकाईने तपासते. नवा खेळाडू घ्यायचा असला की आमचा कोच योखेन आधी मला विचारतो. या वेळी विचारलं होतं तिलमानबद्दल. त्याचा क्लब बंद पडला होता, वय तेहतीस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आम्ही नाही म्हटलं तर त्याचा खेळ संपणार होता.

तिलमान कॉर्नरबॅक. या खेळात चेंडू हाताने लांब फेकतात. तो झेलायला कडेने धावणाऱ्या गड्याला चिकटून राहायचं आणि झेल होऊ द्यायचा नाही, हे त्याचं काम. त्याने स्वतःच्या खेळाची चित्रफीत पाठवली होती. ती इतकी छोटी की चहा गाळेपर्यंत संपली.

"आल्झो, बरं का मीनल," योखेन म्हणाला, "अख्ख्या हंगामात त्याने एकच चेंडू हिसकावलाय. या माणसाने केलंय काय?"

हे वाक्य ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. कारण ते मी आधी ऐकलं होतं.

कराडला शाळेत मी कबड्डी खेळायचे. डावा कोपरा माझा. जिल्ह्याच्या निवडीला एक गृहस्थ म्हणाले, "हिच्या नावावर पकडीच नाहीत. हिने केलंय काय?" मी मान खाली घालून उभी. तेव्हा आमच्या खेळाच्या संपदाबाई उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तिच्या कोपऱ्यात चढाईला कोणी जातच नाही. का जात नाही, ते विचारा की." त्या वाक्यावर मी संघात आले. संघाबरोबर गावोगाव फिरले म्हणून घरच्यांना धीर आला आणि त्यांनी मला एकटीला पुण्याला शिकायला पाठवलं. आज मी इथे आहे ती बाईंमुळे. हे मी त्यांना कधी धड सांगितलेलं नाही, याची मला फार लाज वाटते.

"थांब," मी योखेनला म्हटलं. "त्याने पाठवलेल्या फितीत कॅमेरा चेंडूच्या मागे पळतो. तिलमान त्यात दिसणारच नाही."

गेल्या वर्षी आम्ही त्याच्याच क्लबशी खेळलो होतो, आणि मी तो सामना वरच्या बाकावरून अख्खं मैदान दिसेल असा टिपला होता. तो लावला आणि आमचाच चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, रोहन, याला समोर बसवलं. रोहन इथेच वाढलेला. मराठी कळतं, उत्तरं जर्मनमध्ये.

"स्वतःची मान कुठे वळते ते बघ," मी म्हटलं. पडद्यावरच्या रोहनने तिलमानच्या बाजूला पाहिलं आणि तोंड फिरवलं. पुढच्या खेळीत तेच. नंतर नंतर तर तो तिकडे बघेनासाच झाला.

"का रे टाकला नाहीस तिकडे?"

"कुठे टाकणार?" तो जर्मनमध्ये म्हणाला. "जागाच नव्हती."

योखेनने पुन्हा एकदा सगळं लावायला सांगितलं. मग म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. बोलव त्याला."

तिलमान आला, सही केली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, "इतक्या वर्षांत मला असं कोणी पाहिलंच नव्हतं." त्याचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "आभार माझे नकोत. कराडला एक बाई आहेत." त्याला काही कळलं नाही, पण त्याने नाव विचारलं आणि आपल्या जर्मन उच्चारात "झाम्पादा" असं दोनदा म्हणून पाहिलं.

हंगामाच्या पहिल्या सामन्याला मी वरच्या बाकावर बसून बाईंना व्हिडिओ कॉल लावला. बाई आता थकल्यात, खुर्चीतून फारशा उठत नाहीत. मी फोन तिलमानकडे धरला आणि सगळं सांगितलं. त्याचं, योखेनचं, माझं. पुण्याचंही सांगितलं.

चेंडू दुसऱ्याच बाजूला उडाला, तिकडे आरडाओरडा झाला. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"मीनल, फोन हलवू नकोस," त्या म्हणाल्या. "तिकडे काय गोंधळ चाललाय तो नको मला. याच्याच कोपऱ्यात राहू दे."

"इथे काहीच होत नाहीये, बाई."

"हो गं," बाई म्हणाल्या. "तेच बघतेय. तू अशीच उभी राहायचीस."