जूनो थांबली ते दार

नातसून आमच्या घराण्याचा इतिहास लिहायला बसलीये. गावात ज्याला विचारावं तो तिला एकच सांगतो, डॉक्टर हेझन म्हणजे देवमाणूस. होतेच. पण देवमाणसाच्या बायकोला कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

व्हरमाँटच्या या डोंगरांत डॉक्टरांचं निम्मं आयुष्य बग्गीत गेलं. कुणाचं बाळंतपण उरकून परतताना ते लगाम सैल सोडायचे आणि जूनो घोडी त्यांना बरोबर दारात आणायची. नेहमीची दारं तिला पाठ होती. घरी आले की मी विचारायचे, कुणाकडे गेला होतात, काय झालंय, वाचेल का, तिथं जेवलात का, कुणी वाढलं. बायकोनं नाही विचारायचं तर कुणी? ते दोन शब्दांत उत्तर द्यायचे आणि छताकडे बघत पडून राहायचे.

एकदा मार्चच्या चिखलात घसरून त्यांचा पाय मोडला. रविवारी नणंदेला, ऑलिव्हला, शेजारी बसवून मीच बग्गी हाकत चर्चला निघाले. पुलापाशी जूनो आपणहून डावीकडे वळली. मी लगाम ओढला, ओरडले, पण ती ऐकेना. थेट रोक्साना पेकच्या मागच्या दारी जाऊन उभी राहिली. रोक्साना विधवा, माझ्याहून लहान आणि तब्येतीनं ठणठणीत.

"वहिनी, घोडीला रस्ता बराच सवयीचा दिसतोय," ऑलिव्ह म्हणाली.

चर्चला निघालेल्या गाड्या रस्त्यावर रेंगाळल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

रोक्साना ओंजळीत ओट घेऊन बाहेर आली आणि मला बघून थबकली.

"आजारी आहेस का गं?" मी खाली उतरत विचारलं.

"नाही."

"मग डॉक्टर इथे कशाला येतात?"

तिनं आधी घोडीला ओट चारले. तिला कसली घाई नव्हती, याचाच मला जास्त राग आला.

"झोपायला," ती म्हणाली. "तसलं काही मनात आणू नका, बाई. चुलीजवळच्या खुर्चीत झोपतात, घटकाभर. मी माझं सूत कातत बसते."

"आणि बोलता काय?"

"काही नाही. मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. नुसते घोरतात. इतके, की मांजर उठून जातं."

इतकी वर्षं ज्यांच्या शेजारी झोपले, त्यांना मी एकदाही घोरताना ऐकलं नव्हतं. लफडं असतं तर तिथल्या तिथे तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. याचं काय करायचं, ते मला कळेना. जळफळत बग्गीत चढले.

घरी डॉक्टर पाय उशीवर ठेवून जागेच होते.

"प्रवचन कसं झालं?"

"चांगलं झालं," मी म्हटलं.

त्या दिवसापासून ठरवलं, एकही प्रश्न विचारायचा नाही. त्या बयेला जमतं ते मला न जमायला काय झालं? एका दुपारी ऑलिव्हला बाहेर पिटाळलं, खुर्ची त्यांच्या पलंगाशी ओढली आणि विणकाम घेऊन गप्प बसले. त्यांनी डोळे मिटले. मी सुया थांबवल्या आणि श्वास रोखून ऐकत राहिले.

थोड्या वेळानं त्यांनी एक डोळा उघडला.

"थर्झा," ते म्हणाले, "काय हवंय तुला?"